सोने : एका शब्दाचा कस



स्मृतिव्याख्यानासाठी मोठा विषय निवडण्याची प्रथा आहे. मी मात्र आज एकाच शब्दाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे. तो शब्द आपल्या सर्वांच्या घरात आहे. वस्तू असो वा नसो. तो म्हणजे 'सोने'.

संस्कृत भाषेने या धातूला अनेक नावे दिली. एकट्या अमरकोशात ती एकोणीस आहेत. सुवर्ण, कनक, हिरण्य, हेम, कांचन ही आपल्या परिचयाची. तपनीय, जातरूप, चामीकर, जांबूनद ही केवळ काव्यात भेटणारी. प्रत्येक नाव धातूचा एखादा विशेष सांगते. सुवर्ण म्हणजे उत्तम रंगाचे, तपनीय म्हणजे तापविण्यास योग्य, जातरूप म्हणजे जन्मतःच रूप लाभलेले. यांपैकी 'सुवर्ण' हा शब्द प्राकृतातून झिजत झिजत आला आणि मराठीत 'सोने' झाला. 'सुवर्णकार' झिजून 'सोनार' झाला. अशोकाच्या ब्रह्मगिरी येथील प्राकृत लेखात 'सुवर्णगिरी' या ठाण्याचा उल्लेख आहे. ते ठाणे रायचूर-कोप्पळच्या परिसरात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे मात्र आजही सोने निघते. आपण राहतो त्या प्रदेशाशी या शब्दाचे नाते असे जुने आहे.

आता शेजारच्या भाषांकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपण बीदर जिल्ह्यासह म्हैसूर राज्यात आलो. त्याच्या कितीतरी आधीपासून येथील बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकत्र नांदत होत्या. कन्नडमध्ये सोन्याला चिन्न, होन्नु आणि बंगार म्हणतात. यांपैकी 'होन्नु' हा मराठीत 'होन' होऊन आला आणि इतका आपला झाला की १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांनी जे सोन्याचे नाणे पाडले, तेही 'होन'च. फारसीतील 'जर' म्हणजेही सोने. जरी, जरतारी, जरीपटका हे शब्द त्यापासून झाले. गंमत अशी की, हे 'जर' आणि वेदातील 'हिरण्य' एकाच प्राचीन मुळाचे आहेत. अवेस्ता या इराणी ग्रंथात त्याचे रूप 'झरन्य' असे आढळते. म्हणजे लुगड्याच्या काठावरची जरी आणि मंत्रातील हिरण्य या बहिणी ठरतात.

मराठी आई लेकराला 'सोन्या' म्हणते, कन्नड आई 'चिन्ना' म्हणते. दसऱ्याला आपण आपट्याचे पान देऊन म्हणतो, 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा.' शेजारचे कन्नड घर शमीचे पान देऊन म्हणते, 'बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण.' अर्थ तोच. बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. आपट्याचे जुळे पान पाहिले की, कांचनवृक्षाचे पान आठवते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही झाडे सगोत्र आहेत.

सोनाराच्या पेढीवरील शब्द आता मावळू लागले आहेत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. आज व्यवहारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. गुंज ही वेलीची लाल-काळी बी. आणि ज्या 'कॅरट'ने आज शुद्धता मोजतात, त्या शब्दाचे मूळही एका झाडाच्या बीच्या ग्रीक नावात आहे. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासले की, जी रेघ उमटते तो कस. त्यात उत्तम उतरलेले ते बावनकशी. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसू लागला. ग्राहकाच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु 'कसाचा माणूस', 'कसास उतरणे', 'कसोटीचा प्रसंग' ही सारी भाषा त्या काळ्या दगडावर उमटलेली आहे. दगड दृष्टीआड झाला तरी तिचा अर्थ मुलांना सांगावा लागेल.

म्हणींमध्ये तर आपल्या लोकांनी सोन्याचाही कस पाहिला आहे. 'सोन्याहून पिवळे' ही त्याची थोरवी. 'सोन्याची सुरी झाली म्हणून उरी खुपसू नये' ही त्याची मर्यादा. 'सोनाराने कान टोचावे' यात जाणकाराचा मान आहे.

तथापि, माझ्या मते या शब्दाचे खरे वैभव त्याच्या पर्यायांपेक्षा त्याला लागणाऱ्या क्रियापदांत आहे. सोने घडते, लुटले जाते, गहाण पडते, सुटते आणि मोडते. धातू वाकतो, वितळतो. पण आपल्या घरांत तो 'मोडतो'. 'पाटल्या मोडल्या' या दोन शब्दांत दुष्काळ असतो, आजारपण असते, मुलाची फी असते. माझ्या पिढीतील कितीतरी जणांचे शिक्षण असे मोडलेल्या सोन्यावर झाले. आणि याच भाषेत दुसरा प्रयोग आहे : 'पोराचे सोने झाले.' एकीकडे मोडलेले दुसरीकडे झाले, हा हिशेब कोणत्याही कोशात नाही. तो या भागातील आयाबायांनी, बहुधा अक्षरओळख नसताना, मांडला.

विद्यार्थी मित्रहो, आजचा भाव तुम्हांला मोबाइलवर कळतो. घरी गेल्यावर आजीला एवढेच विचारा की, आपल्या घरातील कोणता दागिना केव्हा मोडला आणि कशासाठी. ती मराठीत सांगेल, कन्नडमध्ये सांगेल किंवा दोन्हींच्या मिसळीत सांगेल. तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्या. त्या सोन्याचे पुढे काय झाले, याचे उत्तर तुमच्या अभ्यासातून द्यायचे आहे.