चालणं हाच पंखा

मे महिन्यात यावलच्या गॅरेजांकडे दुपारच्या वेळी मोटारसायकली ढकलत आणल्या जातात. सकाळी त्याच गाड्या एका किकेत सुरू झालेल्या असतात. शेतातून निघून, रस्त्यात केळीच्या ट्रकांमागे रखडून, गावात शिरेपर्यंत त्यांचा दम जातो. मालक घाम पुसत सांगतो, "भाऊ, गाडी बंद पडी गेली." मिस्तरी लगेच पान्याला हात लावत नाही. गाडी कडुनिंबाखाली उभी करायला सांगतो आणि विचारतो, "काका, कुठून आलात? मागे ओझं किती होतं? ऑइल कधी बदललं होतं?" मग उकिडवा बसून ब्लॉकच्या पट्ट्यांमध्ये डोकावतो. अशाच एका गॅरेजात मी उन्हाळ्यात वरचेवर जाऊन बसतो. तिथे पाहून माझं ठाम मत झालं आहे की यातल्या बहुतेक गाड्या बिघडलेल्या नसतात. त्यांची उष्णता बाहेर पडायची वाट बंद झालेली असते, आणि ती वाट मोकळी ठेवणं चालवणाऱ्याच्या हातात असतं.

खानदेशात घरोघरी जी मोटारसायकल आहे, तिचा वंश १९८५ सालच्या हिरो होंडा सीडी १०० पासून सुरू होतो. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. ९७.२ सीसीचं साधं, आडवं इंजिन, हवेवर थंड होणारं. त्याला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पंखाही नाही. सिलिंडरच्या ब्लॉकवर आणि हेडवर पातळ पट्ट्या ओतलेल्या असतात, त्यांना मिस्तरी फिन म्हणतात. आत पेट्रोल जळतं तेव्हा क्षणभर दोन हजार अंशांहून जास्त उष्णता होते. त्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकाच्या कामी येतो. उरलेली काही सायलेन्सरवाटे जाते आणि काही धातूत शिरते. धातूत शिरलेली उष्णता फिनवर येते आणि समोरून येणारा वारा ती घेऊन जातो. गाडी चालते तोवर हा व्यवहार बिनबोभाट चालतो, कारण चालणं हाच तिचा पंखा आहे.

गाडी थांबली की वारा थांबतो, जळणं थांबत नाही. उलट उभ्या गाडीत चाकाला काहीच मिळत नसल्यामुळे जळलेल्या पेट्रोलची सगळी ऊर्जा उष्णताच होते. ज्यांना थांबावंच लागतं अशा यंत्रांना म्हणून वेगळा पंखा दिलेला असतो. स्कूटरचं इंजिन पत्र्याच्या आवरणात झाकलेलं असतं, पण क्रँकवर बसवलेला पंखा तिथे हवा ढकलत राहतो. यावलहून वीसएक किलोमीटरवर भुसावळ आहे. तिथल्या फलाटावर उभ्या असलेल्या विजेच्या रेल्वेइंजिनातून घोंघों आवाज येत असतो, तो ब्लोअरचा असतो. गाडी हलत नसली तरी आतल्या मोटारींवर वारा चालू असतो. मोटारसायकलला ही सोय नाही.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा काय होतं याचा साधा हिशेब करता येतो. समजा फिन १६० अंशांवर तापली आहे. हवा २५ अंशांची असेल तर दोघांतलं अंतर १३५ अंशांचं. हवा ४५ अंशांची झाली की ते ११५ वर येतं. म्हणजे वाऱ्याचा वेग तोच राहिला तरी साधारण पंधरा टक्के कमी उष्णता बाहेर जाते. शिवाय तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे तिची उष्णता वाहून नेण्याची ताकद आणखी कमी. आणि हे झालं मोकळ्या रस्त्यावर. ट्रकच्या मागे उभं राहिलं तर समोरून येते ती ट्रकच्या धुराने आणि डांबराने भाजलेली हवा.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा जातो. केळीची काढणी जोरात असली की या रस्त्यावर घड भरलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली अशी रांग लागते. लग्नसराई असेल तर पुढे वरात असते, आणि वरात चालते नाचणाऱ्यांच्या पावलाने. मुंबई-पुण्यासारखे सिग्नल नसले तरी थांबत-सरकत चालण्याचा त्रास इथे त्याहून जड होतो, कारण इथली गाडी रिकामी नसते. मागे दुधाचे कॅन असतात, चाऱ्याचा भारा असतो, कधी खताची गोणी. पुढच्या गार्डला गोणपाट किंवा पिशवी बांधलेली असते, ती नेमकी ब्लॉकसमोर येते आणि उरलासुरला वारा अडवते. मिस्तरी गाडी बघताना सर्वांत आधी ती पिशवी सोडायला लावतो.

तापत चाललेली गाडी आधी सांगते, ऐकणारा पाहिजे. क्लचचा लिव्हर नेहमीपेक्षा वेगळा लागतो. उभ्या उभ्या न्यूट्रल सापडेनासं होतं. पिकअप जातो. चढावर रेस दिली की टणटण असा कोरडा आवाज येतो, ते नॉकिंग. स्लो एकसारखा राहत नाही. कार्बोरेटरच्या गाड्यांत आणखी एक होतं. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, त्यामुळे तापलेल्या इंजिनाशेजारच्या कार्बोरेटरमध्ये वाफ होते आणि बंद केलेली गाडी पुन्हा सुरू व्हायला त्रास देते. ही सगळी लक्षणं सावलीत पाऊण तास उभं राहिल्यावर जातात, म्हणून लोक त्यांना आजार मानत नाहीत. पण त्या पाऊण तासापूर्वी आत काहीतरी झिजलेलं असतं.

काय झिजतं, ते मला गॅरेजात उघडलेल्या इंजिनांनी दाखवलं. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो आणि तो ज्यात धावतो ती स्लीव्ह बिडाची. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की ती फट आणि तिच्यातली ऑइलची फिल्म दोन्ही संपतात, आणि पिस्टन भिंत धरतो. पुरता जाम झाला तर लोकांना कळतं. बहुतेक वेळा तो क्षणभर धरतो आणि सोडतो. बाहेर काढलेल्या पिस्टनच्या बाजूवर मग उभे ओरखडे दिसतात. तिथून गाडी ऑइल खाऊ लागते, धूर काढते आणि वर्षभरात इंजिन कामाला येतं.

क्लचची गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक आहे. या गाड्यांच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. गर्दीत पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवली की प्लेटा एकमेकींवर घासतात आणि ती उष्णता थेट ऑइलमध्ये उतरते. म्हणजे ज्या ऑइलने इंजिन थंड ठेवायचं, त्यालाच आपण हाताने तापवतो. मिस्तरीने एकदा एका गाडीचं क्लच कव्हर उघडून प्लेटा कापडावर मांडल्या. पोलादी प्लेटांवर निळे डाग होते. पोलाद असं निळं पडतं ते तीनशे अंशांच्या सुमारास. हाताच्या दोन बोटांनी लिव्हर अर्धा दाबून ठेवण्यातून एवढी उष्णता निघते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर गर्दीत हाफ क्लच धरवत नाही.

आणि ऑइल तरी किती असतं? साधारण एक लिटर. ते शंभर-दोनशे मिली कमी झालं की तेवढीच उष्णता कमी ऑइलने वाहायची. बाटलीवर १०डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला ३० हा आकडा शंभर अंशांवर ते किती दाट राहतं ते सांगतो. जुनं, पातळ झालेलं ऑइल हा दाटपणा गमावून बसतं. स्वस्त पडतं म्हणून कारचं ऑइल टाकणारेही भेटतात. ओल्या क्लचसाठी जासो एमए लिहिलेलं ऑइलच हवं, नाहीतर प्लेटा घसरू लागतात आणि उष्णता आणखी वाढते. कंपनीच्या पुस्तकात ऑइल बदलायचं जे अंतर दिलेलं असतं, ते बऱ्या रस्त्यावरच्या बऱ्या वापरासाठी. धूळ, ओझं आणि रखडत चालणं असेल तर त्याआधीच बदलावं. दर आठवड्याला डिपस्टिक काढून बघायला तर पैसाही लागत नाही.

गिऱ्हाइकाच्या दोन मागण्या मात्र मिस्तरीला अडचणीत टाकतात. पहिली, "टॅपेटचा आवाज बंद करा." दुसरी, "ॲव्हरेज वाढवून द्या." टॅपेट गरजेपेक्षा घट्ट केले की आवाज जातो खरा. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्वतःची उष्णता सीटवर टेकूनच सोडतो. तापल्यावर त्याची दांडी वाढते, घट्ट टॅपेटमुळे तो पूर्ण टेकत नाही, उष्णता सोडू शकत नाही आणि कडेने जळतो. "थोडं वाजलेलं टॅपेट बरं," असं मिस्तरी सांगतो, त्यामागे हे कारण आहे. ॲव्हरेजसाठी पेट्रोल कमी आणि हवा जास्त करून ठेवली की इंजिन गरम चालतं. प्लग काढला तर तो बिस्किटी रंगाऐवजी पांढरा निघतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा बरीच कमी हवा लागते, म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या सेटिंगवर मिश्रण आधीच थोडं कोरडं होतं. त्यात ॲव्हरेजसाठी आणखी कोरडं करणं म्हणजे इंजिनावर दुहेरी भार. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत हे मिश्रण सेन्सर सांभाळतो, पण फिन त्यांनाही आहेत आणि उभ्या उभ्या वारा त्यांनाही मिळत नाही.

राहिली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, फिनची सफाई. यावल तालुक्यात केळी भर उन्हाळ्यातही ओलिताखाली असते. बागेतल्या वाटेवरची ओली काळी माती चाकाने उडते, फिनमध्ये बसते आणि गरम धातूवर भाजून कडक होते. हेडमधून थोडं ऑइल पाझरत असेल तर त्यावर धूळ बसून जाड थर होतो. कूलरची ताटी मातीने बसली की पंखा कितीही फिरला तरी खोली गार होत नाही, तसंच हे. मिस्तरी गाडी पूर्ण गार होऊ देतो. गरम इंजिनावर बादली ओतली तर धातू एकदम आकसून चीर जाऊ शकते, हे तो प्रत्येकाला बजावतो. मग बांबूच्या काडीने प्रत्येक फट उकरतो, डिझेलचा ब्रश फिरवतो, शेवटी पाण्याने धुतो. फिन पातळ असतात आणि स्क्रूड्रायव्हरने तुटतात, म्हणून काडी. या कामाला तासभर जातो, आणि त्याचे पैसे मागितले तर लोक म्हणतात, "नुसती धुतलीच ना?"

रस्त्यावर करायचं ते त्याहून सोपं आहे. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबावं लागणार असेल तर इंजिन बंद करायचं. हिरोने २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये न्यूट्रलमध्ये उभी गाडी आपोआप बंद होण्याची सोय आणली ती पेट्रोल वाचवण्यासाठी, पण तिच्यामुळे इंजिनही कमी तापतं. थोडं थांबायचं असेल तर क्लच दाबून न ठेवता न्यूट्रल. समोरच्या ट्रकला चार हात पुढे जाऊ द्यायचं आणि मग क्लच पूर्ण सोडून एका दमात जायचं. गाडी तापलीच तर ती सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून लावायची, आणि घर जवळ आलं असेल तर शेवटचा किलोमीटर हलक्या हाताने चालवायचा.

लायसन्स काढताना आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, पण ही चार वाक्यं कुणी शिकवत नाही. ती मिस्तरीकडे असतात आणि दुरुस्तीच्या बिलावर छापली जात नाहीत. आखाजीला माहेरवाशिणींना आणायला गाड्या धावतात, मग लग्नं, मग खरिपाची धावपळ. त्याआधी, चैत्रातच, प्रत्येक गाडीचे फिन उकरून घ्यावेत, ऑइल बदलावं, टॅपेट थंड इंजिनावर तपासून घ्यावेत. हे काम मालकाने आपणहून मागितलं पाहिजे, आणि मिस्तरीने त्याची मजुरी संकोच न करता घेतली पाहिजे. पिस्टन बदलण्याच्या खर्चापुढे ती फारच थोडी असते.