भुकेचे पंचांग

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा येते. हरवलेला बैल शोधून थकलेला तो शेतकरी उपाशीपोटीच धम्मश्रवणास आला. भगवान बुद्धांनी प्रथम त्याला जेवू घालावयास सांगितले. उपदेश मागाहून केला.

आपल्या मुरबाड-शहापूर परिसरातील भूक मात्र बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही, कारण ती बारमाही नाही. पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रा ऐन रंगात असते, तेव्हा कित्येक कातकरी वाड्यांतील घरांना कुलूप असते. माणसे वीटभट्टीवर गेलेली असतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. आषाढात भातलावणीची मजुरी मिळते. खरी ओढाताण त्यानंतर, श्रावण-भाद्रपदात. लावणी संपलेली, कापणी दूर, आणि भट्टीवरचे पैसे खर्चून गेलेले. मग टाकळा, कुरडू, खेकडे, पुढे करांदे आणि कडुकंद यांवर दिवस निघतात. कडुकंद नीट शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढावा लागतो. त्यात कसूर झाली तर विषबाधा होते. शहरांत हल्ली रानभाज्यांचे महोत्सव भरतात, तेथे ही बाजू कोणी सांगत नाही.

याच दिवसांत उचल घेतली जाते. आज चूल पेटावी म्हणून पुढील हंगामाची मेहनत गहाण पडते, आणि ती मेहनत एकट्या बापाची नसते. सारे कुटुंब भट्टीवर राबते. धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगीही जाते.

1992 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे, कुपोषणाने बालके दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पुढे बरेच घडले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क मिळाला. गरोदर व स्तनदा आदिवासी मातांसाठी 2015 मध्ये अमृत आहार योजना आली. या गोष्टी लहान नाहीत. परंतु तांदूळ-गव्हाने पोट भरते. डाळ, तेल, अंडी यांची उणीव तशीच राहते. शिवाय गरोदर बाईचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि ती स्वतः खाडीकाठच्या भट्टीवर, असे झाले की तिच्या वाट्याचे ताट तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आता शिधापत्रिकेवर दुसऱ्या गावीही धान्य मिळू शकते. मात्र भट्टीवरून दुकान गाठायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

वसतिगृहातील दोन वेळच्या जेवणाचे मोल येथे कळते. ते मूल भट्टीवर जात नाही, घरचे एक तोंडही कमी होते. धोका असतो तो दिवाळीच्या सुट्टीत. मुकादम माणसे न्यायला येतो तो नेमका त्याच सुमारास, आणि सुट्टीला घरी गेलेले मूल कुटुंबाबरोबर गाडीत बसते. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्याचा हजेरीपट बारकाईने पाहावा लागतो. एखादे नाव गैरहजर दिसले, तर ते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले असेल, हे शिक्षकांआधी त्याच वाडीतल्या माजी विद्यार्थ्याला ठाऊक असते.