रमतगमत निघालेला शब्द

इंग्रजीत चालण्याच्या तऱ्हा सांगणारी क्रियापदे भरपूर आहेत. त्यांतले ‘सॉन्टर’ म्हणजे रमतगमत चालणे. चाल मंद असते, पण ती थकव्यामुळे नव्हे, तर कुठे पोहोचायची घाई नसल्यामुळे.

या शब्दावर जीव लावला तो अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावात त्याने १८५१ साली चालण्यावर व्याख्यान दिले. त्यातून तयार झालेला ‘वॉकिंग’ हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभराने, जून १८६२मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापून आला. ‘सॉन्टर’ची कुळकथा त्यात सुरुवातीलाच येते. मध्ययुगात काही रिकामटेकडे लोक ‘सेंत तेर’ला, म्हणजे पवित्र भूमीला, निघाल्याचे सांगत गावोगाव भीक मागायचे. पोरेटोरे त्यांना ‘सेंत तेरवाले’ म्हणू लागली आणि त्यातून ‘सॉन्टरर’ झाला. दुसरी व्युत्पत्ती ‘सां तेर’, म्हणजे ज्याला जमीन नाही, घर नाही तो. थोरोला पहिली अधिक भावली.

ही कथा थोरोची नव्हे. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या शब्दकोशात दोन्ही व्युत्पत्त्या जवळपास याच शब्दांत दिलेल्या आहेत.

कथा गोड आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. पवित्र भूमीतले क्रुसेडरांचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचे, शेवटचे मोठे ठाणे, आक्रे, १२९१ साली पडले. ‘सॉन्टर’ चालण्याच्या अर्थाने इंग्रजीत दिसू लागतो तो सतराव्या शतकात. मधली साडेतीनशेहून अधिक वर्षे हा शब्द कुठे होता? म्हणूनच आजचे कोश त्याचे मूळ अनिश्चित मानतात.

यात्रेकरूंच्या चालीवरून खरोखर घडलेले इंग्रजी क्रियापद वेगळेच आहे: ‘कँटर’, घोड्याची संथ दौड. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटची हत्या झाली, ११७३मध्ये त्याला संतपद मिळाले आणि तिथे यात्रेकरूंची रीघ लागली. घोड्यावरून येणाऱ्या या यात्रेकरूंची बेताची चाल ती ‘कँटरबरी गॅलप’. बोलता बोलता मागचा भाग गळला आणि ‘कँटर’ उरले.

‘सॉन्टर’पुरता सर्वांत विचार करण्याजोगा दुवा पंधराव्या शतकातला आहे. त्या काळच्या इंग्रजीत ‘सँट्रेन’ असे क्रियापद आढळते. त्याचा अर्थ चालणे नव्हे, तर विचारात गढून जाणे, तंद्री लागणे. दोन्ही एकच शब्द असल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी हे नाते पटण्यासारखे आहे. तंद्रीत भटकते ते आधी मन, आणि पाय त्याच्या मागून जातात.

थोरोला हे फार जवळचे वाटले असते. तो रोज निदान चार तास रानावनात हिंडायचा. शरीर मैलभर जंगलात शिरले आणि मन मात्र गावातल्या कामांतच अडकून राहिले, तर त्याला धास्ती वाटे. त्याने ती याच निबंधात नोंदवली आहे. तंद्रीचा तो जुना अर्थ मात्र तिथे नाही.