‘कुर्शा’: ढाल, कातडं की पिशवी?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की मेलेल्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ ठरवतात तरी कसा? बोलणारा एकही माणूस उरलेला नाही, मग विचारायचं कोणाला? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आज एकच शब्द घेऊ, हित्ती भाषेतला ‘कुर्शा’.

हित्ती ही आजच्या तुर्कस्तानातली, साडेतीन हजार वर्षांमागची भाषा. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची नावं असलेला मितन्नीचा प्रसिद्ध करार सापडला तो हित्तींच्याच राजधानीत, हत्तुशात. ही भाषा संस्कृत-ग्रीकच्या कुळातली आहे, हे बेद्रिख ह्रोझ्नी यांनी १९१५ साली दाखवलं. पण कूळ कळलं म्हणजे प्रत्येक शब्द कळला असं होत नाही.

आता ‘कुर्शा’ कुठे येतो बघा. तेलिपिनु नावाचा देव रुसतो. रागाच्या भरात उजवा जोडा डाव्या पायात घालून चालू लागतो. मग चुलीत लाकडं घुसमटतात, गाय वासराला जवळ करत नाही, शेतं सुकतात. शेवटी त्याची समजूत पटते, तो परत येतो. तेव्हा त्याच्यापुढे एक सदाहरित झाड उभं असतं आणि त्याला मेंढीचा ‘कुर्शा’ टांगलेला असतो. त्याच्या आत मेंढीची चरबी, आत धान्य, गुरं, द्राक्षाची दारू, आत दीर्घायुष्य आणि संतती.

लिहिणाऱ्यांनी एक मदत करून ठेवली आहे. या शब्दाआधी ते ‘चामडं’ अशी खूण करत. म्हणजे वस्तू कशाची ते समजलं, कोणती ते नाही. ढालही चामड्याची असते, म्हणून काही जुन्या अभ्यासकांनी ‘ढाल’ म्हटलं. दुसऱ्यांनी ‘लोकरीसकट कातडं’ म्हटलं, आणि तो अर्थ फार लोकांना आवडला. का, तर ग्रीक कथेत जेसन ज्या सोनेरी लोकरीच्या शोधात जातो तीही झाडालाच टांगलेली! ओळखीची गोष्ट समोर आली की आपली चौकशी तिथेच थांबते.

१९८९ साली हान्स ग्युटरबॉक यांनी वेगळी वाट धरली. हरणाच्या आकाराचं एक हित्ती चांदीचं पात्र आहे, सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. त्याच्या पट्टीवर देवपूजेचं दृश्य कोरलंय: झाड, शिकार झालेलं हरिण, दोन भाले, बाणांचा भाता, आणि शेजारी एक पिशवी. ग्युटरबॉक म्हणाले, हाच ‘कुर्शा’. शिकाऱ्याची चामडी पिशवी.

मला हे पटतं ते मुख्यतः त्या ‘आत’ शब्दामुळे. मजकूर पुन्हा पुन्हा ‘आत’ म्हणतो. ढालीला आत कुठे असतं? पसरलेल्या कातड्याला तरी कुठे? पिशवीला असतं.

आपल्याकडे अडलेल्या शब्दाचा धातू शोधायची यास्कांपासूनची सवय. इथेही तो मोह आहे. ग्रीकमध्ये ‘बुर्सा’ म्हणजे कातडं. लॅटिनमार्गे त्यातूनच आपली ‘पर्स’ आली. काहींनी ‘कुर्शा’चं नातं त्याच्याशी जोडलंय. समजा, ते खरं धरलं. तरी ग्रीक शब्द ‘कातडं’ म्हणतो आणि त्याचा वंशज ‘पिशवी’! मग हत्तुशातला पुजारी यातलं काय म्हणत होता, हे व्युत्पत्ती कशी सांगणार? ते त्याच्या व्यवहारातच बघावं लागतं.

आणि व्यवहार फार बोलका आहे. ‘कुर्शा’ची स्वतःचीच पूजा होई. तो जुना झाला की नवा करत, पण जुना फेकत नसत. दुसऱ्या गावी पाठवून तिथे त्याला नवं नाव देत. ‘ढाल’ म्हटलं तर हा रक्षण करणारा देव होतो, ‘पिशवी’ म्हटलं तर भरून देणारा. मूर्ती तीच, पण भक्त मागतो काय ते बदलतं.

सोनेरी लोकरीचं मग काय? नातं साफ तुटलं असं मी म्हणणार नाही. पिशवी मेंढीच्याच कातड्याची आहे आणि ती झाडालाच टांगलेली आहे. फक्त ते नातं आता वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावं लागेल. ‘कुर्शा’ या शब्दाचा आधार त्याला पुरणार नाही.