प्रतिकारशक्तीला आवर घालणारी बाजू

१९००च्या सुमारास पॉल एर्लिक आणि युलियस मॉर्गनरोथ यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचून पाहिले. त्यांच्या अंगात परक्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे तयार झाली, स्वतःच्या पेशी फोडणारी मात्र झाली नाहीत. शरीर स्वतःवर उलटणे टाळते आणि त्यासाठी त्याच्याजवळ काही नियामक व्यवस्था असली पाहिजे, असे एर्लिक यांचे म्हणणे होते. पुढच्या पिढ्यांनी त्यातला पहिलाच भाग उचलला. या सव्वाशे वर्षांचा मागोवा घेताना मला तीच चूक सर्वांत महागाची वाटते. प्रतिकारशक्ती म्हणजे निव्वळ मारक बळ, ही समजूत तिथून घट्ट झाली. शरीर स्वतःवरही उलटू शकते, याचा पुरावा नव्हता असे नाही. व्हिएन्नातल्या डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी १९०४ सालीच दाखवले होते, की काही रुग्णांची प्रतिपिंडे थंडीत त्यांच्याच तांबड्या पेशींना चिकटतात आणि रक्ताला पुन्हा ऊब मिळाली की त्या पेशी फुटतात. पण तो अपवाद ठरवला गेला. १९५६ साली नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचला आणि त्यांची ग्रंथी सुजली. त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटो आजाराच्या रुग्णांत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडली. मग नाकारायला जागा उरली नाही.

यावर आक्षेप असा, की स्वतःविरुद्धच्या पेशी थायमस ग्रंथीतच गाळल्या जातात, मग आजार हा त्या गाळणीतला दोषच नव्हे का? काही अंशी तसे आहे. पण ही गाळणी निरोगी माणसातही पूर्ण नसते. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली उंदरांत दाखवले, की टी-पेशींमधला एक छोटा गट वगळून उरलेल्या पेशी टी-पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तर त्या त्यांच्याच अवयवांवर तुटून पडतात. त्या गटाला घडवणारे फॉक्सपी-३ हे जनुक २००१ साली मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधले. ते बिघडलेल्या मुलांना तान्हेपणीच मधुमेह, अतिसार आणि त्वचेचे विकार जडतात. या तिघांना २०२५चे नोबेल मिळाले. म्हणजे आपल्याविरुद्ध जाऊ शकणाऱ्या पेशी सर्वांच्याच अंगात असतात, आणि त्यांना सतत आवरून धरणे हा आरोग्याचाच भाग आहे.

आवर इतका मोलाचा, तर तो वाढवतच का नेऊ नये? कारण कर्करोगाच्या गाठी याच आवराचा आडोसा घेतात. तो सैल करणाऱ्या औषधांनी अनेक रुग्ण वाचले, पण त्यांतल्या काहींच्या आतड्याला किंवा थायरॉइडला सूज आली. उलट संधिवातात टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारी औषधे सांध्यांना आराम देतात, पण सुप्त क्षयाला जागेही करू शकतात. म्हणूनच क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी करून घेणे आवश्यक ठरते.