‘मेडिकल ग्रेड’ म्हणजे नक्की काय?

टोचलेलं भोक बुजू नये म्हणून आपल्याकडे कडुलिंबाची काडी घालतात. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना आता धातूऐवजी लवचीक प्लॅस्टिकची दांडीही मिळते. ती बऱ्याचदा पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची असते. मग प्रश्न पडतो: बाळकुमच्या मेडिकलमधून सलाईनची नळी आणून तुकडा कापला तर? तीही मेडिकल ग्रेडच ना!

इथे जरा थांबा. ‘मेडिकल ग्रेड’ हा घनतेसारखा पदार्थाचा गुणधर्म नाही. अमुक वापरासाठी केलेल्या चाचण्यांवर तो अवलंबून असतो. आयएसओ १०९९३ या मानकात शरीराशी संपर्काचे कालावधीनुसार तीन गट आहेत: २४ तासांपर्यंत, २४ तास ते ३० दिवस आणि ३० दिवसांहून जास्त. कानाची पाळी भरायलाच साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणजे आपण थेट तिसऱ्या गटात. सलाईनची नळी मात्र आतून द्रव वाहून न्यायला बनवलेली असते, जखमेत महिनोन्‌महिने राहायला नाही. ती बहुधा पीव्हीसीची असते. तिचा मऊपणा प्लॅस्टिसायझरमुळे येतो, आणि ते रेणू साखळ्यांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसल्यामुळे हळूहळू बाहेर झिरपू शकतात. पीटीएफईला प्लॅस्टिसायझर लागत नाही. शिवाय घरी ब्लेडने कापलेली कड खरखरीत असते आणि तुकडा निर्जंतुक राहत नाही.

पेपरमध्ये ‘बायोकम्पॅटिबल’ दिसलं की हेच विचारा: कुठल्या ऊतीशी संपर्क, किती काळ, कुठली चाचणी? उत्तर सापडेपर्यंत तो शब्द आपल्या प्रपोजलमध्ये उचलू नका.