प्रतिकृती कशासाठी?

पुनर्विकासास निघालेल्या गृहनिर्माण संस्थांना बिल्डर नव्या इमारतीची देखणी प्रतिकृती दाखवितो आणि सभासद भारावतात. वस्तुतः ती घडविण्याचे काम सोपविण्यापूर्वीच ठरले पाहिजे, की तिच्याकडून जाणून घ्यावयाचे काय? प्रश्न उजेडाचा असेल, तर शेजारच्या इमारतीही तीत हव्यात. नेमक्या त्याच वगळल्या जातात! १:५०० प्रमाणात साठ मीटर उंचीची इमारत १२ सेंटिमीटर भरते. सावली अजमावण्यास तेवढे पुरे; जिन्याची अडचण मात्र १:५० शिवाय उमगत नाही. नकाशे पक्के होण्याआधी दिसलेला दोष स्वस्तात सुधारतो. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी ख्रिस्तोफर रेन यांनी १६७३-७४ मध्ये सहा मीटरहून लांब लाकडी प्रतिकृती करविली. ती रचना अमान्य झाली. वाया गेले ते लाकूड, दगड नव्हे. खर्च बिल्डरने खुशाल करावा. अटी मात्र सभासदांनी लिहाव्यात. स्पंजाची हिरवी झाडे सर्वांत शेवटी!